जानेवारीचा शिक्का

तालमीच्या लोकांनी त्र्यंबक मास्तरांकडे यादीचे काम दिले ते त्यांच्या अक्षराकडे पाहून, स्वभावाकडे पाहून नव्हे. स्वभाव पेठेत सर्वांना ठाऊक होता. दूधवाल्याच्या मापात, नगरपालिकेच्या नोटिशीत, परीक्षेच्या निकालात, फार काय देवळातल्या प्रसादाच्या वाटणीतही त्यांना काळेबेरे दिसे; आणि दिसले की ते अर्ज लिहीत. अर्जाला उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, आणि आलेच तर त्या उत्तरातील विसंगती दाखवणारा दुसरा अर्ज. हायस्कुलात वीस वर्षे इंग्रजी शिकवूनही ते मुख्याध्यापक झाले नव्हते. का झाले नाहीत, हे ते सोडून सगळ्यांना कळत होते.

एकोणीसशे छप्पनच्या श्रावणात गुंडू वस्ताद शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर, दसऱ्याला तालमीत दगुड बसवायचा हाय. लढाईत पडलेल्या आपल्या पोरांचा. नावं तुमी लिवून द्या. कोण पडलं, कोण परत आलं, समदं ठोकून-ठाकून. उद्या कुणी बोट दाखवाय नको."

"आणि माझ्या भावाचं नाव?"

वस्तादांनी फेटा उगीच सारखा केला. "त्येच्या कागदावर काय हाय, त्ये तुमालाच म्हाईत की."

कागदावर काय होते ते त्र्यंबकांना पाठ होते. एक्केचाळीस साली तालमीतले एकोणीस तरुण एकाच दिवशी भरती होऊन एकाच कंपनीत गेले. त्यांत त्र्यंबकांचा धाकटा भाऊ नृसिंह होता. कुस्तीत त्याला कुणी मोजत नसे. पण चार बुके शिकलेला म्हणून तो कंपनीचा लेखनिक झाला. चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात इटलीतल्या एका नदीकाठी कंपनी निम्मी झाली. नृसिंहाविषयी कचेरीने कळवले ते एवढेच: 'दिनांक सहा रोजी निरोप घेऊन पिछाडीस पाठविला, पोहोचल्याची नोंद नाही.'

पोहोचल्याची नोंद नाही! मेल्याचीही नाही, धरला गेल्याचीही नाही. बारा वर्षांत त्र्यंबकांनी एक्केचाळीस अर्ज केले. संस्थान विलीन झाले, दप्तरे इकडून तिकडे गेली, आणि प्रत्येक नव्या कारकुनाने जुन्याच वाक्याची स्वच्छ नक्कल पाठवली. पेठेत त्या वाक्याचा अर्थ केव्हाच लागला होता. 'पिछाडीला निघाला तो निघालाच,' असे पानपट्टीवर कुणी म्हणे आणि मास्तर दिसले की सुपारीचा भाव विचारू लागे.

घरात नृसिंहाची बायको विमला होती. लग्नानंतर दोन वर्षांत तो गेला. बारा वर्षे ती रोज सकाळी कुंकू लावत होती आणि पेठेतल्या मुलींना शिवण शिकवत होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, अशी शास्त्राची रीत. ती मुदत येत्या ऑक्टोबरात भरत होती. नृसिंहवाडीच्या गुरुजींशी कार्तिकातला दिवसही बोलून झाला होता. पळसाची पाने जाळली की विमलेचे कुंकू पुसायचे. पण ती पाने नेमकी कुणाची म्हणून जाळायची, पडलेल्या शिपायाची की पळालेल्याची, हे त्र्यंबकांना ठरवता येत नव्हते.

म्हणून त्यांनी यादी स्वीकारली, आणि फौजदारी खटल्यासारखी चालवली. एका साक्षीवर विश्वास नाही. दुसरी जुळली तरच नोंद. परत आलेले अकरा जण त्यांनी दारोदार जाऊन तपासले. एकाची पायाची बोटे बर्फाने गेली होती. तो महाद्वारात चपला विकत होता, आणि या योगायोगावर तोच सर्वांच्या आधी हसत असे. एक जण परत आल्यापासून आखाड्यात उतरला नव्हता. विचारले तर म्हणे, "मातीत हात घालवत न्हाय, मास्तर." एकाने तिकडच्या शेतकऱ्याने दिलेली द्राक्षाची कलमे ओल्या गोणपाटात जपून आणली होती, ती बोटीवरच वाळली, तरी काटक्या त्याने अजून माळ्यावर ठेवल्या होत्या. पडलेले सात. सातांपैकी सहांच्या घरच्यांनी तारा दाखवल्या. सातवा ईरप्पा. त्याची आई गंगव्वा चटणी कुटून विकायची, उत्तरेश्वर पेठेच्या टोकाला.

"ईरप्पाचं नाव लिवायचं न्हाय," मुसळ न थांबवता ती म्हणाली.

"अव्वा, तार आली होती ना?"

"तार कार्तिकात आली. कागद शिवरात्रीला आला. आदी काय आलं, मागनं काय आलं, तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा. मेल्यालं माणूस कागद लिवतंय व्हय?"

तिखटाने लाल झालेले हात तिने पदराला पुसले आणि विभूतीच्या डबीखालून एक घडी काढून दिली. 'मी येथे सुखरूप आहे. अव्वाने काळजी करू नये. थंडी आहे, पण लोकरीचे मिळाले आहे. म्हशीला माझे नाव सांगावे.' पत्रात तारीख नव्हती. पाकिटावर लष्करी टपालाचा शिक्का मात्र स्पष्ट होता: चौदा जानेवारी पंचेचाळीस.

त्र्यंबकांनी घडी उजेडाकडे धरली. ईरप्पा निरक्षर होता, हे पेठ जाणत होती. ते अक्षर नृसिंहाचे होते. बोरू धरून, बोटांवर पट्टी मारून, त्यांनी स्वतः वळवलेले अक्षर. सहा ऑक्टोबरला नाहीसा झालेला माणूस जानेवारीत मेलेल्या मित्राच्या नावाने पत्रे लिहीत होता!

म्हणजे जिवंत होता. म्हणजे पळाला होता.

घरी येऊन त्यांनी पहिले काम केले ते वाडीच्या गुरुजींना कार्ड लिहिण्याचे: 'विधी तूर्त स्थगित ठेवावा. कारण मागाहून कळवू.' कार्ड टपालात पडण्याआधी विमलेने वाचले. उघडे कार्ड वाचू नये एवढे सौजन्य तिच्यात होते. पण टेबलावर तिच्या आयुष्याचा निकाल असा उघडा पडला तर ती काय करणार?

"काय सापडलं, भावोजी?"

त्यांनी आधी टाळले, मग सांगितले. पत्र, अक्षर, शिक्का. शेवटचा निष्कर्ष त्यांनी गिळला, पण तो चेहऱ्यावर होता.

"रोज कुंकू लावताना वाटतं, खोटं बोलते आहे," विमला म्हणाली. "पुसलं तरी तसंच वाटेल. मला दोन्हीतलं एक काहीतरी खरं हवं आहे."

"आणि ते लाजिरवाणं निघालं तर?"

"निघू दे. तुमचा संशय तरी एका जागी बसेल. घरभर फिरतो आहे तो." मग ती कापडावर खडूची रेघ ओढत म्हणाली, "पत्र लिहितो तोच पेटीत टाकतो असं कुठं आहे? शिक्का टाकण्याच्या दिवशीचा असतो. कंपनीचं टपाल मागे कोण नेत होतं, ते विचारलंत का कुणाला?"

विचारले नव्हते. साक्ष तपासण्यात बारा वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रश्न शिवणाच्या बाईने घालून दिला, याचा त्र्यंबकांना राग आला. तरी ते त्या चपला विकणाऱ्याकडे गेले.

"टपाल? पिराजी न्यायचा की. लंगरवाला, कंपनीचा सैंपाकी. आपल्याच पेठंतला, पर तालमीतला न्हवं. शिध्याच्या खेचरावर टपालाची पिशवी त्येचीच. पन्हाळ्यावर असतोय आता, डाकबंगल्यात. धा वर्सं झाली, पेठंत फिरकला न्हाय गडी."

दहा वर्षे फिरकला नाही! बारा मैलांवर राहून! त्र्यंबकांच्या मते हाच अर्धा कबुलीजबाब होता.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने ते पन्हाळ्यावर उतरले. धुके तटाला टेकून बसले होते. बंगल्यामागच्या स्वयंपाकघरात एक टक्कल पडलेला, बुटका माणूस कांदे चिरत होता.

"सायेब न्हाईत, पावणं. दुपारी या."

"मी साहेबांकडे आलेलो नाही. मी नृसिंहाचा थोरला भाऊ."

सुरी थांबली. पिराजीने पाट पुढे सरकवला, चुलीवर पातेले ठेवले आणि चहा टाकला. सरकारी बंगल्यात सगळी भांडी होती. किटली मात्र कोपऱ्यात पालथी, धूळ खात पडली होती. त्र्यंबकांच्या नजरेतून ती सुटली नाही. पण तिचे काय करावे हे त्यांना तेव्हा कळले नाही. त्यांनी गंगव्वाकडून शपथेवर मागून आणलेले पत्र पुढे धरले.

"हे तू टाकलंस?"

"मला वाचाय येत न्हाय, मास्तर."

"शिक्का जानेवारीचा आहे. लिहिणारा ऑक्टोबरात नाहीसा झाला. हे कसं?"

पिराजी जरासा हसला, आणि तो हसला याचाही त्र्यंबकांना संशय आला. "ही रीतच हुती आमची. म्होरच्या फळीत जायच्या आदी पोरं नरसूकडनं दोन-दोन कागद लिवून घ्यायची. तारीख घालायची न्हाय. कागद तपासल्याची सायबाची सही आदीच. गठ्ठा माझ्याकडं, म्या चुलीवाला, म्या मागं. दर पंदरा दिसाला त्यातलं चार-चार टाकायचं. म्होरनं कागद आला न्हाय, तरी घरच्यांस्नी घोर नको."

"माणूस मेल्यावरसुद्धा?"

"कुणाचा कागद कुणाचा, मला काय ठावं? सांगितल्यालं काम. गठ्ठा सरंस्तवर टाकत ऱ्हायलो. मागनं घरच्यांची उत्तरं याय लागली, मेलेल्यांच्या नावानं. तवा सायबानं कानाखाली जाळ काढला."

एवढ्या साध्या उत्तराने त्र्यंबक क्षणभर हलके झाले, आणि लगेच पुन्हा जड. जानेवारीचा नृसिंह नाहीसा झाला होता. ऑक्टोबरातला जिथल्या तिथे होता. त्यांनी खिशातून यादी काढली, पेन उघडले.

"ठीक. मग नृसिंहापुढे काय लिहू? निरोप घेऊन निघाला आणि पळाला?"

"न्हाय!"

"कचेरीचा कागद तसाच आहे. पेठही तेच म्हणते. तू दहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस, म्हणजे तुलाही ठाऊक असणार."

"न्हाय म्हंतो न्हवं!" पातेल्यातला चहा उतू गेला. पिराजीने फडके न घेता पातेले उतरवले. "त्यो पळाला न्हाय, मास्तर. त्यो माझ्याकडं आला."

मग त्याने सांगितले. पहाटेचे उजाडत होते. पिराजी किटली घेऊन पुढच्या दगडी गोठ्याकडे निघाला होता. तिथे ईरप्पा आणि आणखी दोघे होते. मधली उघडी वाट त्याला ओलांडवेना. तेवढ्यात समोरून निरोप घेऊन नृसिंह आला. "म्या म्हणालो, 'नरसू, येवढी किटली पोचती कर की. निरोप मी सांगतो मागं.' हसला. म्हणाला, 'लंगडं कारण तरी सांग गड्या.' निरोपाचं पाकीट माझ्या हातात दिलं, किटली घिऊन माघारी वळला."

"आणि?"

"गोठ्यात शिरला आन् गोळा पडला. छत, भिंत समदं बसलं. तिघांची मडी गावली. ईरप्पा तर दारातच हुता. नरसू आत. त्येचं काय गावलं न्हाय. किटलीचं झाकाण गावलं. त्ये म्या वढ्यात फेकलं."

"पाकीट?"

"दिलं की, मुकाट्यानं मेजावर ठिवलं. सायबानं इचारलं, 'वाटंत दिसला का?' म्या न्हाय म्हणालो. दिसला म्हणालो असतो तर पुढचं इचारलं असतं. किटली न्यायचा हुकूम मला हुता."

त्र्यंबकांनी यादीची घडी घातली. बारा वर्षे त्यांना एका गुन्हेगाराची गरज होती. तो आता त्यांच्यासमोर कांद्याच्या हाताने डोळे पुसत होता, आणि त्याच्यावर करायचा अर्ज कुणाच्या नावाने पाठवावा हे त्यांना सुचेना.

"हे लिहून दे."

"लिवाय येत असतं तर..."

"सांग. मी लिहितो."

पिराजी उभा राहिला, हात बांधले, आणि कंपनीत सांगायचा त्याच चालीवर सुरुवात केली. "म्या हितं खुशाल हाय..."

"ते नको," त्र्यंबक म्हणाले. पण पेनाने ते वाक्य आधीच लिहिले होते. त्यांनी ते खोडले नाही. खाली काजळीचा अंगठा घेतला.

विमलेने तो कागद दोनदा वाचला. नंतर घडी करून शिवणाच्या पेटीत ठेवला.

"किटलीतला चहा गरम होता का, विचारलंत?"

"नाही."

"विचारायला हवं होतं." तिने यंत्राचे चाक हाताने एकदा फिरवले आणि थांबवले. "गुरुजींना कळवा. दिवस तोच ठेवा."

गुंडू वस्तादांनी कागद उलटासुलटा पाहिला. "अंगठा हाय न्हवं? बास की. कोरा नाव." आठवे नाव यादीवर चढले. ज्या पेठेने बारा वर्षे पिछाडी-पिछाडी केली, ती एका काजळीच्या ठशावर गप्प झाली. त्र्यंबकांना या तत्परतेचाही राग आला. पण या वेळी त्यांनी अर्ज केला नाही.

राहिली गंगव्वा. तिचे पत्र परत करायचे होते, आणि ते कसे आले हे सांगायचे होते. विमला बरोबर आली. त्र्यंबकांनी पिराजीची साक्ष अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. दारातल्या ईरप्पाचे वाक्य वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. गंगव्वाने सगळे ऐकले. मुसळ उभे धरून ती म्हणाली,

"ह्यो कागद कुणी लिवलाय?"

"मी."

"सांगितला कुणी?"

"पिराजीनं. हा त्याचा अंगठा."

"त्येला वाचाय येतंय?"

"नाही."

"मग तुमी काय लिवलंय, त्येला काय ठावं?" तिने ईरप्पाचे पत्र त्यांच्या हातून काढून घेतले. "तुमच्या भावाचं नाव दगडावर पायजे हुतं, म्हणून तुमी लिवलं नसंल कशावरनं? बोला की, मास्तर."

त्र्यंबकांनी साक्षीचा कागद विमलेकडे दिला. हाच प्रश्न त्यांनी जन्मभर सगळ्यांना विचारला होता, आणि त्यावर कुणाचे कुठलेही उत्तर त्यांनी कधी मानले नव्हते.

दसऱ्याला दगड बसला. सहा नावे, त्याखाली नृसिंहाचे, आणि त्याखाली एक रिकामी ओळ. ती सोडायला त्र्यंबकांनीच सांगितले होते. कारण विचारणाऱ्या वस्तादांना ते म्हणाले, "साक्ष अपुरी आहे."

संध्याकाळी सोने वाटताना गंगव्वा तालमीच्या पायरीपर्यंत आली. विमलेच्या हातावर तिने आपट्याचे एक पान ठेवले, मग त्र्यंबकांच्या हातावर दोन.

"एक तुमाला," ती म्हणाली. "एक ईरप्पाचं. आला म्हंजे द्या. आन् त्या पिराजीला म्हणावं, खाली ये. माझ्या म्होरं, तोंडानं सांग."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने त्र्यंबक पुन्हा पन्हाळ्याला निघाले. या खेपेस खिशात कागद नव्हता.