ओळंब्यात नसलेलं वृंदावन

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं की त्यांच्याने राहवत नाही. नागपूरला बांधकाम खात्यात उभी हयात गेली, त्यामुळे भिंत आणि झाड यांचं हाडवैर आहे असं ते मनापासून मानतात. सकाळी फिरायला निघाले की लोकांच्या कंपाउंडमधली रोपं उपटत जातात. पण पिंपळ म्हणजे देव. म्हणून आधी हात जोडायचे, पुटपुटत माफी मागायची आणि मग मुळासकट ओढायचं. त्यांचा नमस्कार झाला की रोप गेलंच म्हणून समजावं.

अशा माणसाने अमेरिकेत, रेडमंडमधलं आमचं तुळशीवृंदावन एका बुंध्यावर बांधलं. माझी लेक जन्मली तेव्हा सासू-सासरे इथे आले होते. आमच्या बॅकयार्डात कधीकाळी कापलेल्या सीडरचा कमरेएवढा बुंधा होता आणि सासूबाईंना त्यात आयता ओटा दिसला. लाकूड कुजतं, असं बाबांनी सांगून पाहिलं. पण त्यांचा अधिकार ऑफिसात, घरात नव्हे. विटा त्यांनी रचल्या आणि वरचा गिलावा सासूबाईंनी हाताने लिंपला. त्यांच्या बोटांच्या रेघा अजून त्यावर दिसतात.

इथल्या ओल्या जंगलात बिया कुजक्या बुंध्यांवर सहज रुजतात, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. हिवाळ्यात तुळस घरात यायची. अशाच एका हिवाळ्यात रिकाम्या वृंदावनाच्या कडेने देवदारासारख्या एका रोपाने डोकं वर काढलं. पुढच्या खेपेला बाबा ते उपटायला निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या.

“वाढतंय तर वाढू दे. तुळशीला सोबत होईल,” म्हणाल्या. विषय संपला.

बऱ्याच वर्षांनी सासूबाई गेल्या आणि बाबा कायमचे आमच्याकडे आले. तोवर त्या रोपाचं चांगलं झाड झालं होतं. मुळं बुंध्यावरून जमिनीत उतरली होती आणि वृंदावन एका अंगाला कललं होतं. बाबांच्या खिशात निवृत्तीनंतरही ओळंबा असतो. तो त्यांनी विटांशी धरला आणि दोरी विटांपासून किती लांब लोंबतेय ते बघून त्यांचा चेहरा पडला. तिच्या हातचं एवढंच उरलंय, ते झाडाच्या घशात जाऊ देणार नाही, म्हणाले. नवऱ्याने झाड कापणाऱ्यांची अपॉइंटमेंट घेतली, भारतातून परत आल्यावरची.

नागपूरला सासूबाईंचं वर्षश्राद्ध आटोपून परतताना नवऱ्याची जुनी हौस म्हणून आम्ही कंबोडियात थांबलो. खरं सांगायचं तर मला देवळांपेक्षा झोप हवी होती. पण तिथल्या जुन्या ख्मेर राजांच्या एका देवळात पाऊल टाकलं आणि झोप कुठल्या कुठे पळाली. छपरावर झाड बसलेलं, आणि त्याची पांढुरकी मुळं उतू गेलेल्या दुधासारखी भिंतीवरून खाली आलेली. एका दाराची चौकट मुळांनी दोन्हीकडून कवेत घेतली होती. एका ठिकाणी मुळांच्या फटीतून दगडी अप्सरेचा तेवढा चेहरा दिसत होता, शांत, जरा हसरा. एवढं सगळं अंगावर येऊनही तिचं हसू गेलं नव्हतं. मला भरून आलं. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याविषयी वाटलं तितकंच त्या झाडांविषयीही वाटलं.

बाबा मात्र चिडले होते. इथल्या खात्यात कुणाला डोळे नव्हते का, रोप बोटाएवढं होतं तेव्हा काय करत होते सगळे, असं चाललं होतं. त्यांनी ओळंबा काढला आणि एका भिंतीशी धरला. आमचा गाइड हसला. आधी झाडांनी भिंती फोडल्या, म्हणाला, पण आता भिंती त्यांच्याच आधाराने उभ्या आहेत; काही ठिकाणी झाड काढलं तर भिंतही खाली येईल. बाबांनी नवऱ्याकडून ते दोनदा मराठीत सांगून घेतलं. मग समोरच्या दगडावर जाऊन बसले आणि आम्ही हाक मारेपर्यंत त्या मुळांकडे बघत राहिले.

रेडमंडला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी चहा घेऊन मागे गेले, तर बाबा झाडापुढे हात जोडून उभे. हा नमस्कार मला चांगला ठाऊक होता, आणि ते झाड राहावं असं मला आता फार वाटत होतं. बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी वृंदावनाच्या खाली हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत नुसता तांबडा भुसा होता.

“बुंधा कधीच संपलाय,” ते म्हणाले. “तिचं वृंदावन या झाडानेच धरलंय. त्या कापणाऱ्यांना कॅन्सल कर म्हणावं त्याला.”

मग त्यांनी तुळस मागितली. मी खिडकीतली कुंडी आणून दिली. कललेल्या वृंदावनात ती तिरकी बसली, तेव्हा त्यांनी विटेचा एक तुकडा खाली सरकवला आणि नुसत्या नजरेने सरळ करून घेतली. ओळंबा खिशातच राहिला. गिलाव्यावरच्या बोटांच्या रेघांवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

“तुळशीला सोबत झाली बरं,” म्हणाले. माझ्याशी नव्हे.