शालिग्रामच्या नावाच्या गोळ्या

धाडच्या बाजारात कांदे विकणारा शालिग्राम स्वतःला लोखंडाचा समजत असे. डोकं गरगरायचं ते त्याच्या बायकोचं, सत्यभामाचं. शेजारणी म्हणाल्या, बीपी असेल. पण परक्या माणसापुढे दंड उघडा करायला ती काही केल्या तयार होईना. मग शालिग्रामनं अक्कल चालवली. दवाखान्याच्या रांगेत तोच बसला आणि स्वतःचा दंड पुढे केला. नर्स म्हणाली, "काका, बीपी फार वाढलाय. रोज गोळी घ्या."

घरी येऊन तो पोट धरून हसला. "पाह्य, मशीनलेही फसवलं. घे, खात जाय रोज."

पुढं दंड त्याचा आणि गोळी तिची, असंच चाललं. मशीनवरचा आकडा चढत गेला, तसा त्याला आपल्या चलाखीचा अभिमानही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघं भरती झाले. ती सावरली, त्याला श्वास पुरेना. डॉक्टरनं तिला विचारलं, "यांना बीपी होता? अशा पेशंटच्या जिवाला धोका जास्त असतो. गोळ्या चालू होत्या ना?"

"त्याईले काईच नोतं. गोळ्या त्याईच्या नावाच्या, पण खात मी होती."

डॉक्टरनं तिच्या केसपेपरवर बोट ठेवलं. "बाई, ज्याचा दंड, त्याचा बीपी. तुमचा तर कमीच भरतोय."

शालिग्राम त्याच दिवशी गेला.

तेरवीनंतर सत्यभामाचं डोकं पुन्हा गरगरलं. कोनाड्यातल्या पट्टीत त्याची एक गोळी उरली होती. तिनं ती काढली आणि घोटभर पाण्यासोबत गिळली.