डबल ड्युटीला डबल डोस

माझा मोठा भाऊ मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होता. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं तिथे वितळवत. आमचं घर किन्हवलीला. मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नेमकं वर्ष आठवत नाही, पण घरात फोन आला होता आणि मोबाइल यायचा होता.

त्या वर्षी त्याचं पोट वारंवार दुखू लागलं. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसू लागली. भरलेली कळशी उचलताना उजवं मनगट खाली पडायचं. कल्याणच्या डॉक्टरांनी रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. रक्तात शिसं प्रमाणाबाहेर निघालं. डॉक्टर म्हणाले, भट्टीचं काम सोडा आणि महिन्याने पुन्हा दाखवा. भावाने घरी फक्त दुसरा भाग सांगितला. पहिला मला नंतर कळला.

त्याच सुमारास एका नातेवाइकाने कॅप्सूलची पांढरी डबी आणून दिली. तो साखळी पद्धतीने असल्या वस्तू विकायचा. शरीरातले जड धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढतं, औषध नव्हे तर पूरक आहे, म्हणून धोका नाही, असं त्याचं म्हणणं. लेबल इंग्रजीत होतं.

भाऊ म्हणाला, "तू पेपरवाला ना? मग दे मराठीत लिहून."

माझी एसटी सुटायची वेळ झाली होती. वहिनीने पोस्टकार्डाएवढा एक कागद दिला. मी उभ्याउभ्या लिहिलं: सकाळ-संध्याकाळ एकेक, रिकाम्या पोटी, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, सहा आठवड्यांनी थांबावे. कागद भरला. लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी ओळी होत्या. बातमी जागेत मावत नसेल तर आम्ही खालून कापतो. महत्त्वाचं वर असतं, अशी आमची धारणा. त्या ओळी कंपनीने स्वतःला वाचवायला छापल्या असाव्यात, असं धरून मी त्या सोडल्या.

पुढचे दोन रविवार मला जादा काम होतं. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा कचेरीत फोन आला.

"भावोजी, यांना जुलाब होतायत. पोटऱ्यांत गोळे येतात. तोंडाचे कोपरे फाटलेत. काल मोरीत चक्कर येऊन बसले."

"कॅप्सूल थांबवा म्हणावं."

"मी सांगून ऐकतायत व्हय? म्हणतात, घाण निघतेय."

मी त्या दिवशी पानं लावली, पण लक्ष नव्हतं. एक मथळा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मुख्य उपसंपादकाने कागद ओढून घेतला आणि विचारलं, घरी काय झालंय? मी रजा घेतली.

भाऊ पडवीत बसला होता. गाल आत गेले होते, पण आवाज चढा होता.

"निघतंय रे सगळं. जेवढा तरास, तेवढं शिसं बाहेर."

"दिवसाला किती घेतोस?"

"दोन. डबल ड्युटीला चार."

"चार कोणी सांगितल्या?"

"सांगायला कशाला पायजे? शिसं डबल, तर डोस डबल. सुट्टीला एकपण नाय."

घेण्याची जागाही त्याने ठरवली होती. शिफ्ट सुरू होण्याआधी फाटकालगतच्या खोलीत प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गुळाने पोटातली धूळ निघून जाते, असा सगळ्यांचा समज. त्या खड्यासोबत, कामाच्या कपड्यांत, न धुतल्या हाताने तो कॅप्सूल गिळे आणि भट्टीवर जाई. डोस त्याने हजेरीला जोडला होता.

मी डबी मागून घेतली आणि लेबल तळापर्यंत वाचलं. शेवटची ओळ अशी होती: शिशाशी संपर्क चालू असेल तर घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन कल्याणला गेलो. डॉक्टरांनी डबी फिरवून पाहिली. म्हणाले, आतड्यात रोज नवं शिसं जात असेल तर असली वस्तू ते रक्तात जायला मदतही करू शकते. शिवाय ती शरीरातलं जस्त आणि कॅल्शियम सोबत घेऊन जाते; पोटऱ्यांतले गोळे आणि तोंडाच्या चिरा त्यामुळेच असू शकतात. खरं औषध वजन बघून, रक्त-लघवी तपासत, मध्ये खंड ठेवून देतात, आणि तेही माणूस शिशापासून लांब गेल्यावर. मूत्रपिंडाचा अहवाल आल्याशिवाय ते काही लिहून द्यायला तयार नव्हते.

परतीच्या एसटीत भाऊ सरळगाव येईपर्यंत डबी हातात फिरवत होता. मग म्हणाला, "डबीवर लिवलं व्हतं, मग तू का नाय लिवलंस?"

"कागदावर जागा नव्हती."

"मोठा कागद नव्हता व्हय घरात?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"त्या चिठ्ठीची झेरॉक्स सहा जणांकडं हाय," तो म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांनी काढली. सगळे भट्टीवरचे."

घरी पोचताच त्याने नवी चिठ्ठी लिहायला लावली, वहीच्या पूर्ण पानावर. या वेळी तळाची ओळ मी सर्वांत वर घेतली. तिच्याखाली जुलाब, गोळे, चक्कर हे सगळं लिहिलं, आणि ही घाण निघण्याची खूण नाही, हेही. वहिनीने दिवा पुसावा तशी डबी पुसली आणि कपाटावर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

सकाळी आम्ही दोघं मुरबाडला गेलो. फाटकाबाहेर त्याने सहाही जणांना नवी झेरॉक्स दिली.

"मायला, आता उलटं व्हय?" एक जण हसला. "पेपरवाल्यांचं असंच. आज एक, उद्या दुसरं."

"चल, गूळ संपेल," दुसरा म्हणाला. "तू येत नायस?"

"नाय," भाऊ म्हणाला. "आजपासून नाय."

भोंगा झाला आणि ते आत गेले. तेव्हा भावाला आठवलं की माझी जुनी चिठ्ठी गुळाच्या डब्याच्या वर, भिंतीला चिकटवलेली आहे. ती त्यानेच लावली होती. तो फाटकाकडे वळला. पहारेकऱ्याने हजेरीचं विचारलं. काम सोडलंय म्हटल्यावर त्याने फाटक उघडलं नाही.

त्याचं मनगट सावकाश सुधारलं. पुरतं कधीच नाही. मूत्रपिंड वाचलं. तो पुन्हा भाताच्या खाचरात उतरला. पण पुढची दोन-तीन वर्षं सरळगावच्या स्टँडवर कारखान्यातलं कोणी भेटलं की तब्येतीच्या आधी तो एवढंच विचारी, "भिंतीवरची ती फाडली काय रे?"

"फाडतो," असं उत्तर येई.