मुद्देमालावरची गाठ

आमच्या घरात साखरेच्या डब्यालाही दोरा बांधलेला असायचा. दोऱ्याला गाठ, आणि गाठीचं टोक डावीकडे आत खोचलेलं. मामंजी डावखुरे. त्यांची गाठ सोडून दुसऱ्या कोणी पुन्हा बांधली, तर टोक हमखास उजवीकडे जायचं आणि चोर सापडायचा. चोर बहुतेक वेळा मीच असायचे, चहा अगोड झाला म्हणून डबा उघडणारी त्यांची एकुलती एक सून.

मामंजी फौजदारी कोर्टात मुद्देमाल कोठडीचे कारकून होते. गुन्ह्यात सापडलेले चाकू, कुलपं, रक्ताचे कपडे पोलिस कापडात गुंडाळायचे, दोरा बांधून वर लाखेचं सील मारायचे आणि मामंजींच्या ताब्यात द्यायचे. खटला संपेपर्यंत ती पुडकी होती तशी सांभाळायची. हे काम त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरीही त्यांना सगळं कोणीतरी उघडून पाहिल्यासारखंच वाटायचं. भाजी ताजी दिसली तरी विचारायचे, "आज एवढी ताजी कशी काय?" कोर्टात त्यांना सगळे गाठवाले म्हणायचे. माझ्या नवऱ्याने यावर बरा उपाय काढला होता. त्याने फिरतीची नोकरी धरली होती आणि मला मागे ठेवलं होतं.

तशात माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी पकडलं. भाऊ सुतार. एका घड्याळाच्या दुकानाची शोकेसं त्यानेच केलेली. त्या दुकानाचं मागचं दार कोणीतरी उचकटून घड्याळं नेली. दाराच्या चौकटीवर पटाशीचे वळ होते आणि भावाच्या पिशवीतल्या पटाशीच्या धारेला एक खाच होती. ती त्या वळांशी जुळते, असं तपासणाऱ्या तज्ज्ञाने लिहून दिलं. घड्याळं मात्र कुठेच सापडली नाहीत.

जामीन मिळाला नाही. मी वकीलबाईंकडे जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, ऐक. त्याने चोरी केली नाही हे आपल्याला सिद्ध करायचं नाहीये. त्याने केली, हे सरकारला सिद्ध करायचंय, तेही शंकेला जागा न ठेवता. आपण फक्त शंका विचारायच्या."

"पण पोलिस म्हणतात, त्याने कबूल केलंय."

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. ती विसर."

मी विसरले नाही. चालत नसेल, पण त्याने कबूल केलं तरी का? भेटीच्या वेळी विचारलं तर म्हणाला, "ताई, त्यांनी मारलं गं." आणि लगेच घराकडचं विचारायला लागला. मारल्याचं सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं मला खटकलं. स्वतःचाच राग आला. म्हटलं, मामंजींचं वारं लागलं वाटतं आपल्याला.

पटाशीचं पुडकं अर्थातच मामंजींच्या कोठडीत आलं. आरोपी आपल्या सुनेचा भाऊ आहे हे त्यांनी वरिष्ठांना स्वतःहून सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, सीलबंद आहे ना, मग सांभाळा. मग काही दिवसांनी मामंजी जेवायला बसले की कोठडीची किल्ली ताटाशेजारी दिसायला लागली. पूर्वी ती खुंटीवर असायची. मी वाढत होते, ते किल्लीकडे बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ तुरुंगात, आणि इथे घरात मला आरोपी केलेलं!

खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला, गुन्हा कबूल आहे का विचारलं. भाऊ म्हणाला, "नाही." मग दुकानदार, पंच, तज्ज्ञ, एकेक जण साक्षीला. आधी सरकारी वकील विचारायचे, मग वकीलबाई उलटतपास घ्यायच्या. सगळं आमच्या विरुद्ध चाललं होतं. शेवटी तपास अधिकाऱ्याने ओळख पटवावी म्हणून पटाशीचं पुडकं आणलं. लाख तडकलेली होती आणि तिच्यावरून दुसराच एक दोरा बांधला होता. गाठीचं टोक डावीकडे.

"ही गाठ तुमची?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही," अधिकारी म्हणाला.

मग मामंजींना बोलावलं. ज्या पिंजऱ्यात त्यांनी इतरांना उभं राहिलेलं पाहिलं, त्यात ते स्वतः उभे राहिले. शपथ घेतली.

"गाठ कोणाची?"

"माझी."

"पुडकं ताब्यात आलं तेव्हा लाख कशी होती?"

"धड होती. एका सकाळी तडकलेली दिसली, म्हणून वरून दोरा बांधला."

"तडकली कशी?"

"मी रोज प्रत्येक पुडकं ओढून बघतो. ओढून ओढून तडकली असेल."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसा थांबला.

"वरिष्ठांना कळवलंत?"

"नाही. आधी खात्री करायची होती."

"कशाची? कोणावर संशय होता तुमचा?"

मामंजी जराही चाचरले नाहीत. सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या सुनेवर. तोपर्यंत किल्ली घरात खुंटीवर असायची."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.

पण वकीलबाईंना हवं ते मिळालं होतं. सील तुटलं, कधी तुटलं कोणालाच माहीत नाही, आणि सांभाळणारा माणूसच म्हणतो की किल्ली दुसऱ्याच्या हाती लागू शकत होती. मग तज्ज्ञाने तपासली ती पटाशी आणि ही पटाशी एकच, हे कशावरून? निकालात तेच आलं. पुराव्याबद्दल वाजवी शंका आहे, संशयाचा फायदा आरोपीला, निर्दोष मुक्तता. भाऊ पिंजऱ्यातून उतरून माझ्या गळ्यात पडला. मीही ओक्साबोक्शी रडले. मामंजींची मात्र खात्यात चौकशी सुरू झाली आणि त्यांना कोठडीतून हलवून टपाल विभागात बसवलं.

भाऊ काही दिवस आमच्याकडे राहायला आला. आनंदात होता. ओटा दुरुस्त केला, दाराची कुरकुर घालवली. मी त्याच्या हातांकडे बघत राहायचे. किती अलगद दार काढायचा तो बिजागरीतून, आवाजसुद्धा नाही! तो अंघोळीला गेला की त्याच्या पिशवीकडे नजर जायची. कोर्टाने त्याला सोडलं होतं, मला सोडता येत नव्हतं. एका सकाळी, काय करतेय ते कळायच्या आत, मी माझ्या कपाटाच्या कड्यांना दोरा बांधला. मामंजींची पाहून पाहून शिकलेली गाठ. टोक उजवीकडे गेलं.

टॉवेल घ्यायला गेला आणि भावाने ती पाहिली. "ताई, कपाटाला गाठ कशाला गं?"

मामंजी खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मी बांधली," ते म्हणाले. "सवय आहे माझी."

"तुम्ही काही सुधारणार नाही, काका!" भाऊ हसत हसत अंगणात गेला.

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग अंगावर काटा आला. मामंजी खोटं बोलले होते, पिंजऱ्यात बोलले होते त्याच आवाजात, तसेच जराही न चाचरता. मग ती लाख खरोखर ओढून ओढूनच तडकली होती का? की मला सगळ्यांसमोर चोर ठरवून त्यांनी माझा भाऊ सोडवला होता? विचारावं असं फार वाटलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मामंजी होते तिथेच होते. कपाटाला दोरा होता तसाच होता. फक्त गाठीचं टोक आता डावीकडे होतं.