वीस मीटर तंगूस

शिबिराच्या यादीत दहा वस्तू होत्या. नऊ घरातच सापडल्या: शिट्टी, काडेपेटी, सुईदोरा, असलं काहीबाही. दहावी होती मासे धरायची दोरी, वीस मीटर. रानात अडकलंच तर मासे धरून जगायचं म्हणे! इगतपुरीजवळच्या धरणावर दोन दिवसांचं शिबिर होतं. मासा मी जन्मात धरला नव्हता, पण मला जायचंच होतं. तीन वर्षं मी आणि आई गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत होतो. आईला विसरण्याचा आजार, दार उघडं दिसलं की ती चालू लागायची. तिला सोडवत नव्हतं आणि सांभाळवतही नव्हतं. नांदगावहून भाऊ येऊन ते दोन दिवस राहणार होता.

दुपारी आई झोपल्यावर मी बाहेरून कुलूप घातलं आणि गळ-जाळ्यांच्या दुकानात गेले.

“मासे धरायची दोरी? म्हणजे तंगूस. कोणत्या माशासाठी?” दुकानदाराने विचारलं.

“कोणत्याही.”

“असं नसतं ताई. किती किलोचा?”

आता काय कपाळ सांगणार? मी सगळ्यात जाड रीळ उचललं. तो हसला. “ही माशाला दिसते, तो जवळसुद्धा फिरकणार नाही. बारीक घ्या.”

ती बारीक दोरी केसासारखी होती. माझा विश्वास बसेना. आमचं घर फुलवाल्यांचं. मळ्यातला झेंडू आई ओवायची, मी हारांना गाठी मारायचे. दोरा घेताना आमच्यात एकच परीक्षा: बोटाला दोन वेढे द्यायचे आणि हिसका मारायचा. चांगला सुती दोरा तटकन तुटतो, बाजारात बसल्यावर कात्री शोधावी लागत नाही. हाताची सवय ती, विचार न करता मी वेढे दिले आणि हिसका मारला. तंगूस तुटला नाही, बोट चिरलं. घाबरून मी आणखी ओढलं, तसा वेढा आणखी आवळला.

“ओढू नका! ढिली सोडा आधी!” दुकानदार ओरडला.

त्यानेच वेढा सोडवला, बोटाला चिंधी बांधली, पाणी दिलं. मला रडू आलं. बोट फारसं दुखत नव्हतं. कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, एवढंच. त्याने वीस मीटर मोजून दिल्यावरही मी त्या स्टुलावर बसून राहिले. अर्धा तास मला कुणी हाक मारली नाही, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गल्लीत शिरले तेव्हा आमच्या दारावर आतून थापा ऐकू आल्या. धावत जाऊन कुलूप काढलं. आई दारातच उभी होती, काखेत कापडी पिशवी. पिशवीत फणी, अर्धी भाकरी आणि बिनसेलची बॅटरी. तिनेही आपली तयारी केली होती.

“बाई, कुलूप तुमी घातलं का?” ती रागावली नव्हती, हात जोडत होती. “सोडा ना मला. माझी पोर लय लहान हाय. घरी एकटीच हाय.”

भावाला मी फोनवर बजावून ठेवलं होतं: बाहेर गेलास तर कुलूप घाल, कितीही ओरडली तरी उघडू नकोस. तो तसंच करणार होता. शिबिराला मी गेले नाही.

“चला,” मी तिला म्हटलं, “सोडते तुम्हाला घरी.”

ती लगबगीनं पुढे निघाली, आणि मी तिची पिशवी घेऊन तिच्या मागून चालू लागले.