गाठ विसरलेला इस्तारी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या त्या गावात जाळं विणावं ते इस्तारीनंच. तलावात बुडालेलं कोणतं खोड कुठं आहे, हे तो काठावर बसून बोटानं दाखवायचा, आणि त्याचं जाळं त्या खोडांत कधी अडकायचं नाही. पण २००७ साली, साठीला टेकता टेकता, त्याच्या हातांनी त्याला दगा दिला. गाठ मारायला सुतळी वर घ्यायची की खाली, हेच त्याला सुचेना. सकाळी पाहावं तर आदल्या दिवशी विणलेलं चुकलेलं.

चूक आपली असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नाही. ‘कोणीतरी उसवून राह्यलं,’ त्यानं ठरवलं.

कोण, तेही ठरलं. सून रीता नवीन होती. मुलगा भूपेश चंद्रपूरला कामाला, घरात तीन माणसं. बायको गोकुळा चाळीस वर्षांपासूनच्या ओळखीची. उरली कोण? जाळं विणायची बांबूची सुई हरवली, रीता. चिलीम सापडेना, रीता. वरण कडू लागलं, तर त्यानं ताट सरकवलं. “आधी तू खा.”

रीतानं मुकाट्यानं दोन घास खाल्ले. गोकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आयकता का जी, पोरीवर असा संशय काऊन घेता?”

“तुले नाई समजत,” तो म्हणाला.

त्याचे पाय मात्र दोन वर्षांपासून जळत होते. रात्र झाली की तळव्याखाली निखारे पसरल्यासारखं वाटायचं. दवाखान्यात साखर निघाली होती. गोळ्या संपल्या तशा त्यानं त्या सोडूनही दिल्या. मग शेजारच्या लच्छूनं गांज्याची चिलीम दिली होती. “दोन दम मार, आग बसते.” आग बसायचीही. तासभर.

एके दिवशी संध्याकाळी त्यानं जाळं पेटीत ठेवलं आणि पेटीसमोर चुलीतली राख पसरली. पहाटे उठून पाहतो तर राखेत पावलं! पेटी उघडी, जाळ्याच्या नव्या चार ओळी चुकलेल्या.

“या वो इकडं दोघी!” तो ओरडला. “पाहा चोराचे पाय!”

गोकुळानं वाकून पाहिलं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. इस्तारीच्या त्याच पायाची करंगळी तरुणपणीच कुऱ्हाडीनं गेली होती. ती हळूच म्हणाली, “तुमचा पाय ठेवून पाहा जी.”

पाय तंतोतंत बसला.

इस्तारीनं पाय झटकन मागे घेतला. मग पुन्हा उसळला. “हे हिनंच केलं! मी झोपेत असताना माझाच पाय उमटवला!”

रीता त्याच्या टाचेकडे पाहत होती. राखेत रक्ताचे ठिपके होते. तिनं खाली बसून टाच वर केली. बाभळीचा इंचभर काटा आत रुतलेला. “मामाजी, हा दुखत नाई तुम्हाले?”

त्याला काही जाणवतच नव्हतं. आता मात्र तो घाबरला.

दवाखान्यात डॉक्टर नूतन मॅडमनी काटा काढला, साखर तपासली आणि सगळं ऐकून घेतलं. “भाऊ, रात्री दुखण्यानं तुम्हीच उठता, विणता, आणि सकाळी विसरता. कोणी उसवत नाई.”

“म्हणजे मी वेडा?”

“नाई. साखरेनं पायाच्या नसा खराब झाल्या, म्हणून आगही होते आणि काटाही कळत नाई. असं दुखणं वर्षानुवर्षं राह्यलं की आठवणीवर, शिकण्यावर भार पडते. आपल्या मेंदूतही गांज्यासारखं काहीतरी थोडं तयार होते. त्याले धरून घ्यायच्या जागा असतात, आणि आठवण जिथं बनते तिथं त्या खूप आहेत. साखरेच्या दुखण्यात त्या जागांचा तोल बिघडते का, हे उंदरांवर पाहून राह्यले. माणसाचं अजून पक्कं नाई.”

“आणि चिलीम?”

“ती त्याच जागांवर जाऊन बसते. दुखणं दबते, पण आठवण आणखी ढिली होते.”

इस्तारीनं सुनेकडे पाहिलं. रीता मान खाली घालून म्हणाली, “चिलीम मीच लपवली होती. सुई नाई. वरणातही काही नाई घातलं. मले वाटे, गांज्यानंच तुमचं डोकं फिरलं.”

“म्हणजे माझा संशय एवढा तर खरा होता,” तो पुटपुटला. त्यातच त्याला थोडा आधार वाटला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आग निम्मी झाली, झोप लागू लागली. काही गाठी आपोआप हातात आल्या, काही नाही आल्या. महिन्याभरात व्हायचं ते जाळं वर्षभर चाललं, कारण प्रत्येक ओळ रीता मोजायची आणि चुकली की सांगायची. पहिल्यांदा तो तिच्याकडे रोखून पाहायचा, मग स्वतः मोजायचा. बहुतेक वेळा तीच बरोबर असायची.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं तेव्हा ते जाळं पाण्यात पडलं. सायंकाळी मरळ मासे वाटून घेताना लोक विचारू लागले, हे कोणी विणलं? इस्तारीनं जाळ्याची एक ओळ बोटानं मोजली. मग म्हणाला, “विणलं मी. पण चुका धरल्या आमच्या सुनेनं.”