दोन डाळिंबी साड्या

आईच्या शेवटच्या सामानाची यादी मी तिच्या हयातीतच केली होती. तिनंच सांगितली, मी लिहिली. विभूती, बेलपानं, रुद्राक्षाची माळ आणि तिच्या लग्नातली डाळिंबी रेशमी साडी. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. आई म्हणाली होती, "रेशीमच नेसवा. ते माझ्यासंगं माती होतंय. ते पॉलिस्टर कुजत बी न्हाई."

पॉलिस्टरची म्हणजे तिची दुसरी साडी. खरी झिजू नये म्हणून तसाच रंग, तसाच काठ बघून लातूरहून आणलेली. दोन्ही मी वेगळ्या मलमलच्या पिशव्यांत ठेवून वर चिठ्ठ्या टाचल्या होत्या. दर दिवाळीनंतर नांदेडहून चाकूरला आईकडे येऊन दोन्ही साड्यांना ऊन दाखवायचे.

आई गेली तेव्हा कोरडी थंडी होती. सकाळी वहिनी आणि मी तिला नेसवायला घेतलं. चिठ्ठी वाचून मी पिशवी उघडली, साडी वहिनींकडे दिली आणि यादीवर खूण केली. वहिनी निऱ्या घालत होत्या, त्या घसरून सुटत होत्या. पदर खांद्यावर घेताना तडतड आवाज झाला आणि तो वहिनींच्या मनगटाला चिकटला. त्यांनी सोडवला. परत चिकटला.

"ताई, आत्याबाईनं धरलंय मला." सासूला त्या आत्याबाई म्हणत.

"हवा कोरडी आहे, वहिनी. आटपा, बाहेर माणसं थांबलीत."

म्हणाले खरी. पण पदर नीट करायला मी हात लावला, तेव्हा तो थंडच लागला. धरून ठेवला तरी ऊब येईना. रेशीम हाताची ऊब लगेच घेतं, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी वाटलं, ही थंडी आईची आहे.

पाचव्या दिवशी कपाट आवरताना दुसरी पिशवी उघडली. साडी जड होती आणि हातात घेताच कोमट झाली. मी पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काडीनं पेटवला. पॉलिस्टर असतं तर वितळून टणक काळा मणी झाला असता. हा सावकाश जळला. राख चिमटीत चुरली.

जळत्या रेशमाच्या वासानं वहिनी दारात आल्या. "केस कुणाचे जळाले?"

मी साडी पुढे केली. उन्हातून काढून घड्या घालताना पिशव्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती.

त्यांनी पदर चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाल्या, "चिठ्ठी तेवढी वाचलीत, ताई. आता उकरायचं म्हणू नका."

उकरणार नव्हतेच. ती साडी आम्ही शेतात नेली आणि आईच्या शेजारी हातभर खड्डा करून पुरली. यादीवरची खूण मी खोडली.

दोन वर्षांनी तिथं बेलाचं रोप लावायला मीच खणलं. रेशीम कुठं नव्हतं. काळ्या मातीत जरीच्या चार तारा तेवढ्या हाताला लागल्या. पलीकडे, त्याहून खोल, आई बसलेली आहे. तिचीही माती होत आली असेल. साडी मात्र आम्ही नेसवली तशीच बसून राहील, डाळिंबी, पदर खांद्यावर घेऊन, आत कुणी नसताना.